सॉसेजचा स्ट्यू रोज खाल्ला तर चालेल का?

प्रश्न : ताई, आम्ही तिघं कोल्हापुरात राजारामपुरीत रूम घेऊन राहतो, एक शेगडी आणि एक कुकर. मेसचा कंटाळा आला म्हणून चिकन सॉसेजचा स्ट्यू करायला लागलोय, सगळं एकातच शिजतं. पण पाकीट महाग पडतंय. स्वस्तात कसा करायचा, आणि प्रोटीनसाठी रोज खाल्ला तर चालतो का?

उत्तर : रोज नको रे, आठवड्यातनं एकदा बास. सॉसेज म्हणजे मीठ नि प्रिझर्वेटिव्ह घालून टिकवलेलं मांस, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2015 मध्ये असलं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरला कारण ठरतं असं जाहीर केलंय, रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण 18 टक्क्यांनी वाढतो म्हणे, आणि 50 ग्रॅम म्हणजे दोनेक सॉसेजच झाले की.

पैसे आणि प्रोटीन दोन्हीला उत्तर एकच, अख्खा मसूर. 100 ग्रॅम कोरड्या मसुरात साधारण 24 ग्रॅम प्रोटीन असतं, सॉसेजमध्ये बहुतेक वेळा त्याच्या निम्मंच, पाकिटामागं छापलेलं असतं ते वाचून बघ, शिवाय मसुरात फायबर भरपूर. लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं किलोभर आणून ठेव.

तिघांना वाटीभर मसूर आणि चारच सॉसेज. काप करून थोड्या तेलात लालसर परतून बाजूला काढायचे, त्याच तेलात कांदा, लसूण, टोमॅटो, चमचाभर कांदा-लसूण चटणी, मग बटाटा, गाजर, धुतलेला मसूर, चार वाट्या पाणी आणि तीन-चार शिट्ट्या. झाकण उघडलं की काप घालून पाच मिनिटं चांगलं उकळू दे, शिट्ट्यांबरोबर शिजवले तर त्यांची चवच जाते.

मिठाचं मात्र नीट ऐक. सॉसेज खारट, आपल्या चटणीतपण मीठ असतंच, त्यामुळं शेवटी चाखल्याशिवाय वरनं चिमूटभरसुद्धा टाकू नको, दिवसभराचं सगळं मीठ मिळून माणशी 5 ग्रॅमच्या आत बसवायचंय. खाताना लिंबू पिळ, मसुरातलं लोह अंगी लागायला मदत होते. सोबत भाकरी.

फ्रीज नसेल तर छोटं पाकीट आणून त्याच दिवशी संपवा. बाकी दिवशी हाच स्ट्यू बिनसॉसेजचा कर आणि वरनं दोन-दोन उकडलेली अंडी घाला.