सोलापुरात ह्युंदाईची व्हर्ना टर्बो घ्यावी की फोक्सवॅगनची व्हर्टस १.५? पुढे रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) आणि लोअरिंग स्प्रिंग्ज (गाडीची उंची कमी करणाऱ्या स्प्रिंग्ज) टाकायचा विचार आहे.

मॉडिफाय नक्की करणार असाल तर व्हर्टस घ्या, तीही मॅन्युअल. दोन्ही गाड्या मी पुणे-सोलापूर हायवेवर चालवल्या आहेत. कागदावर व्हर्ना पुढे आहे (ताकद १६० पीएस, टॉर्क म्हणजे चाकं फिरवणारा जोर २५३ एनएम; व्हर्टस १५० आणि २५०), पण वेगात लेन बदलताना व्हर्टस रस्त्याला जास्त धरून राहते. मॅन्युअल अशासाठी, की व्हर्टसच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची टॉर्क पेलायची मर्यादाच २५० एनएम आहे. रिमॅपने टॉर्क वाढवला की सगळा ताण त्यातल्या ड्राय (तेलात न बुडवलेल्या) क्लचवर. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे! पारा चाळिशीपार गेला, हवा तापली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो आणि वाढवलेली ताकद बरीचशी तिथेच जाते. म्हणून आधी पैसे टायर (साइझ २०५/५५ आर१६ च ठेवा) आणि ब्रेक पॅडवर घाला. लोअरिंग तर अजिबात नको. मागे तिघे बसले की गल्लीतल्या उंच स्पीडब्रेकरवर पोट घासलंच म्हणून समजा. गाडी स्टॉकच (कंपनीतून आली तशीच) ठेवणार असाल तर मात्र व्हर्ना खुशाल घ्या, सरळ रस्त्यावरचा तिचा पिकअप जबरदस्त आहे. रिमॅप कुठलीही गाडी घेतली तरी वॉरंटी संपल्यावरच करा.