सोलापुरात अरबी शिकवताना बोलीभाषा शिकवावी का? कोणती, आणि कधीपासून?

तुम्ही विचारलंय की पदवीच्या अभ्यासक्रमात फक्त फुसहा, म्हणजे प्रमाण अरबी ठेवावी, की आखाती बोलीही आणावी. बोली आणाच. पण एकच आणा, आणि पहिल्या सत्रापासून आणा.

वहीत 'काय करतो आहेस' लिहिणारा सोलापूरकर कट्ट्यावर 'काय करलालास बे' म्हणतो. अरबीत ही दरी कितीतरी रुंद आहे. 'आत्ता'ला फुसहात 'अल-आन', कुवेतला 'अल-हीन', दमास्कसला 'हल्लअ', मोरोक्कोत 'दाबा'. नुसत्या फुसहावरून हे ओळखता येत नाही.

मुलं नोकरीसाठी आखातात जाणार असतील तर आखाती बोली घ्या. इजिप्शियन बोलीचं साहित्य भरपूर मिळतं आणि सिनेमामुळे ती सगळीकडे समजते, त्यामुळे शिक्षक त्या बोलीचा असेल तर तीही चालेल. दोन्ही एकाच वर्षी मात्र नकोत. 'मला हवंय'ला 'अबी' आणि 'आयिज़' दोन्ही कानावर पडले की मुलं अर्धं वाक्य कुवेतचं आणि अर्धं कैरोचं बोलतात.

आठवड्याला सहा तासिका असतील तर चार फुसहाच्या, दोन बोलीच्या. विषय तोच: बाजार, दवाखाना, भाड्याची खोली. फुसहाचे २० शब्द झाले की बोलीच्या तासाला तीन रकाने पाडायचे: जसेच्या तसे राहिलेले, उच्चार बदललेले, वेगळेच. खरी मेहनत मधल्या रकान्यावर करा. आखाती बोलीत क़ाफ या अक्षराचा (घशातून काढायचा क़) ग होतो: 'क़ह्वा'चं (कॉफी) 'गह्वा'. कुवेत-बहारीनकडे काफचा (साधा क) काही शब्दांत च होतो. 'क़ल्ब' (हृदय) आणि 'कल्ब' (कुत्रा) यांत नवशिके हमखास घोळ घालतात. बोलीत ते 'गल्ब' आणि 'चल्ब' होतात, कानाला लगेच वेगळे कळतात. पण नियम सरसकट लावू देऊ नका, 'किताब' 'किताब'च राहतं.

उर्दू येणाऱ्या मुलांना लिपीचा फायदा मिळतो, पण से, सीन आणि साद या तिन्ही अक्षरांचा 'स' करायची सवय आड येते. आखाती बोलीत से अजून जिभेचं टोक दातांत धरून उच्चारतात, म्हणून हा सराव बोलीच्या तासालाच घ्या.

सगळ्यात जास्त बिघडतं ते परीक्षेमुळे. बोलीला गुण नसले की तो तास हळूहळू इअराबच्या, म्हणजे विभक्तीनुसार शब्दाचा शेवट बदलण्याच्या, व्याकरणात जातो. १०० पैकी ३० गुण तोंडीला ठेवा: दोघांची जोडी, चिठ्ठीवर प्रसंग, आठ मिनिटं संवाद. लेखी पेपरात 'मा अबी' ('मला नको', बोलीतलं) आलं तर गुण कापा, तिथे 'ला उरीद'च हवं. तोंडीला उलट.

पहिले चार आठवडे बोली लिहून देऊ नका, नुसती ऐकवा. सुरुवात 'श्लोनक'ने करा, बाईला 'श्लोनिच'. शब्दशः अर्थ 'तुझा रंग कसा?', विचारायचं असतं 'कसा आहेस', आणि उत्तर 'ज़ेन'.