पपईचं रोप नर की मादी, फुलं यायच्या आधी कसं ओळखायचं?

बाजारातून आणलेल्या लांबट पपईच्या बिया टाकल्या, मुलुंडच्या सोसायटीत चार रोपं उगवली आणि जागा एकाच झाडाची, असं तुम्ही लिहिलंय. पान, खोड, मूळ बघून काहीही कळत नाही. काळी बी मादीची, सरळ सोटमूळ नराचं, या ऐकीव गोष्टी. पानाची डीएनए चाचणी होते खरी, पण चार रोपांसाठी कोण करणार?

त्यापेक्षा फळाकडे बघा. मुंबईत येणारी लांबट पपई बहुतेक तैवान ७८६, म्हणजे रेड लेडी. या जातीत नर झाड नसतंच. लांबट फळ द्विलिंगी, म्हणजे एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असणाऱ्या झाडाचं, आणि त्याच्या बियांतून साधारण दोन द्विलिंगीमागे एक मादी निघते. नराचा पराग बाहेरून आला नसेल तर तुमची चारही रोपं फळणारी. गावच्या परसातली गोल पपई असती आणि शेजारी नर असता, तर निम्मे नर धरले असते.

आता प्रश्न उरतो द्विलिंगी कोणतं याचा. रोपं वीतभर अंतरावर एकत्रच वाढू द्या. चार-पाच महिन्यांत पानाच्या बेचक्यात कळ्या येतात. आधी देठ बघा: नराच्या कळ्या लांब, फाटे फुटलेल्या देठावर झुपक्याने लोंबतात, बाकी दोघांच्या खोडालगत बसतात. मादीची कळी बुडाशी फुगीर आणि टोकाला निमुळती, द्विलिंगीची नळीसारखी. शंका असेल तर टपोरी कळी ब्लेडने उभी चिरा. आत नुसता गोलसर बीजकोश असेल तर मादी. लांबट बीजकोशाभोवती पिवळे परागकोश दिसले तर द्विलिंगी.

एकाच कळीवर निकाल देऊ नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात किंवा पाणी कमी पडलं की द्विलिंगी फुलातला बीजकोश आक्रसतो आणि फूल नरासारखं दिसतं. दोन-तीन आठवडे वेगवेगळ्या बेचक्यांतल्या कळ्या बघा.

मी द्विलिंगीच ठेवेन. एकट्या मादीला पराग मिळाला नाही तर फळं गळतात, नाहीतर बारकी आणि बिनबियांची राहतात. उरलेली रोपं उपटू नका, शेजारच्याची मुळं तुटतात; जमिनीलगत कापा. आणि खोडात खिळा ठोकून नराची मादी करायचा सल्ला कुणी दिलाच, तर खिळा वाचवा.