फायबर जोडायला शिकतोयस, तर आधी हे ऐक

स्प्लायसिंग मशीन, म्हणजे फायबरची टोकं वितळवून जोडणारं यंत्र, हातात घ्यायची घाई करू नकोस. आधी फायबरच्या, म्हणजे प्रकाशाने डेटा नेणाऱ्या तंतूच्या, काचेत काय चाललंय ते डोळ्यांपुढे आण. सिंगल मोड (प्रकाशाला एकच वाट देणाऱ्या) फायबरचा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा, त्याभोवतीचं काचेचं आवरण 125 मायक्रॉनचं. गाभ्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळवतो त्याचं माप) आवरणापेक्षा किंचित जास्त, म्हणून प्रकाश बाहेर न पडता आतच पुढे सरकतो. लेसरची तीव्रता प्रचंड वेगाने कमी-जास्त होते, पलीकडचा डिटेक्टर तेच 0 आणि 1 म्हणून वाचतो.

म्हणजे जोड देताना केसापेक्षा कितीतरी बारीक गाभा तेवढ्याच गाभ्यासमोर आणायचा. धूळ आली की प्रकाश गेलाच. काचेवरचं प्लास्टिकचं कोटिंग काढल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. काच स्वच्छ झाली की बारीक ‘चिक्’ आवाज येतो, तो ओळखायला शीक. त्यानंतर बोट लावायचं नाही. क्लीव्हरचा (फायबर सरळ कापायच्या हत्याराचा) काप मशीनच्या स्क्रीनवर तिरका किंवा टवका उडालेला दिसला, तर कंटाळा न करता परत काप. मशीन दाखवतं तो लॉस, म्हणजे जोडात वाया जाणारा प्रकाश, अंदाजच असतो; खात्री ओटीडीआरवर (फायबरमध्ये प्रकाश सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून दोष शोधणाऱ्या यंत्रावर) कर.

वाक सांभाळ. एका घरी सिग्नल उणे 29 डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) इतका कमकुवत झाला होता. मी दोन तास डब्यातले जोड तपासले, आणि केबल कपाटामागे दुमडलेली निघाली! 1550 नॅनोमीटरचा प्रकाश वाकावर 1310 पेक्षा जास्त गळतो, तेव्हा दोन्हीवर मोजून फरक बघ.

चालू फायबरच्या टोकात कधीही डोकावू नकोस, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा होऊ शकते. काचेचे तुकडे झाकणाच्या बाटलीतच टाक.