आठ महिने लिहितो, खरं वाचतंय कोण?

"मॅडम, आठ महिने झाले लिहितो, खरं कोण बी वाचत नाही. बंद करू काय?"

खानापूर तालुक्यातली 26 वर्षांची मुलगी. बेळगावात कापडाच्या दुकानात नोकरी, रात्री घरी गेल्यावर मोबाईलवर कथा. (तिच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) फेसबुकवर आणि एका कथांच्या ॲपवर तिनं चाळीसेक भाग टाकले होते. वाचक बोटांवर मोजण्याइतके. हीच तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला बरीच तरुण मुलं येतात, म्हणून हा अनुभव सविस्तर सांगते.

सुरुवातीला माझं चुकलं. "स्वतःच्या आनंदासाठी लिही" असं मी म्हणाले आणि ती गप्प झाली. ज्याला लोकांत लिहायचंय त्याला वाचक हवाच असतो. त्यात कमीपणा कसला?

पुढच्या भेटीत तिचा फोन मध्ये ठेवून बोललो. कथा टाकली की पहाटेपर्यंत दर दहा मिनिटांनी ती लाईक बघायची. बक्षीस कधी मिळतं, कधी नाही, असं असलं की सवय जास्त चिवट होते, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. तिला हे लगेच पटलं. कथा टाकल्यावर फोन कपाटात, सकाळच्या चहापर्यंत, असं ठरलं.

दुसरी गोष्ट समजवायला वेळ लागला. फेसबुक, कथांची ॲप अशा ठिकाणी काय वर दिसावं हे बरंचसं आधीच्या वाचकांच्या प्रतिसादावर ठरतं. नव्या माणसाकडे ते आधीचे वाचकच नसतात. म्हणजे तिची कथा लोकांनी नाकारली नव्हती, ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

मग तिनं आपल्यासारखेच पाच नवे लिहिणारे शोधले. त्यांचं पूर्ण वाचायचं आणि कुठलं वाक्य मनात राहिलं ते लिहायचं. "छान" एवढंच लिहायचं नाही, "माझीही कथा वाचा" तर मुळीच नाही. तीन आठवड्यांत त्यातले दोघे तिच्याकडे आले. हिवाळ्यात बेळगावजवळच्या कडोलीच्या साहित्य संमेलनालाही ती गेली, नुसती ऐकायला. कडोली, उचगाव, येळ्ळूर, आपल्या या गावांतली संमेलनं म्हणजे वाचकांची खाणच, हे नव्या मुलांना का सुचत नाही, याचं मला वाईट वाटतं. तिथं शेजारी बसलेल्या दोन बायकांनी तिचा नंबर घेतला.

खरी गाठ मात्र पाचव्या भेटीत सुटली. आजीच्या भातलावणीच्या कथेखाली कुणीतरी लिहिलं होतं, "बाई असून 'मी गेलो' काय? आधी मराठी शिका." त्या दिवसापासून ती पुस्तकी भाषेत लिहायला लागली होती आणि कथेतला जीवच गेला होता. मी तिला सांगितलं, अगं, मी घरी आईशी बोलताना 'आलो', 'गेलो'च म्हणते. बेळगावकडच्या कितीतरी बायका असंच बोलतात, ती चूक नाही, बोली आहे. ती थोडी रडली. मग आजीला तिनं पुन्हा 'गेलो' म्हणू दिलं.

तिनं मला एकदा कथा शेअर करायला सांगितलं होतं. मी नाही म्हणाले. माझी शाबासकी तिनं उपचाराचा भाग म्हणून मोजली असती.

आता तिचे वाचक साठ-सत्तर आहेत. काही भागांना अजूनही दोघे-तिघेच येतात, त्या आठवड्यात ती माझ्याकडे येते आणि आम्ही पुढच्या भागाबद्दल बोलतो. मागच्या वेळी तिनं फोन पुढं केला. निपाणीच्या एका आजींनी लिहिलं होतं, "तंबाखूच्या वखारीत आम्ही असंच बोलत होतो. मी बी 'गेलो'च म्हणतो. पुढं काय झालं ते लवकर लिही बाळ."