घर ठाण्यात कासारवडवलीला, ऑफिस मुलुंड-ऐरोली पुलापलीकडे. माझ्या सीएनजी गाडीच्या मागून आवाज येतोय, गॅरेजवाला बेअरिंग आणि शॉकअप दोन्ही बदला म्हणतोय. खरंच बदलू का?

इतक्यात पैसे भरू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून आवाज दोन आहेत. 50 च्या पुढे वेग गेला की घूं-घूं, आणि स्पीडब्रेकरवरून उतरताना खाड्-खाड्. दोन्हींचं कारण एकच असेल असं वाटत नाही. गॅरेजवाल्याने चाक उचललं नाही, गाडी चालवूनही पाहिली नाही आणि सरळ मागचे दोन्ही बेअरिंग (ज्यांवर चाकं फिरतात), दोन्ही शॉकअप (धक्के शोषणारे) लिहून दिले, तर तो अंदाज झाला, तपासणी नव्हे. मीही ठाण्यातच राहतो, जुनी सीएनजी हॅचबॅक वापरतो आणि जमेल तेवढं काम स्वतः करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

खाड्-खाड् आधी घ्या, कारण त्यात फुकटात सुटण्याची शक्यता जास्त आहे. डिकी पूर्ण रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनी, मागचा ट्रे, सगळं बाहेर काढा. मागच्या सीटची पाठ नीट लॉक झाली आहे का पाहा. दुसऱ्या कुणाला तरी गाडी चालवायला सांगा आणि तुम्ही मागे बसून ऐका. गाडी सीएनजीवर आहे म्हणता, तेव्हा सिलिंडरच्या स्टँडचे बोल्ट आणि पट्टे जरूर तपासून घ्या. एवढं वजन घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत रोज आपटतं, बोल्ट सैल होतातच. आवाज तिथूनच असेल तर ते काम सीएनजी फिटिंगवाल्याकडूनच करून घ्या, आणि दर 3 वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (सिलिंडरची पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी) राहिली असेल तर तीही उरका. सायलेन्सर थंड असताना हाताने हलवून पाहा. त्याचं लटकवायचं रबर तुटलं की तो खाली आदळतो. ते रबर अगदी स्वस्तात मिळतं. हे सगळं ठीक निघालं, तरच शॉकअप आणि बुशकडे (सांध्यांतल्या रबरांकडे) वळा. शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसतंय का? गाडीचा मागचा भाग जोरात दाबून सोडला की ती एकदा वर येऊन थांबायला हवी. झुलत राहिली तर शॉकअप गेलाय.

आता घूं-घूं. इथे घाई करू नका, कारण टायर आणि बेअरिंग यांचा आवाज जवळजवळ सारखा असतो. पाम बीच रोडसारखा सरळ, गुळगुळीत रस्ता पहाटे मोकळा असताना गाठा. आवाज सुरू झाला की इंजिन चालूच ठेवून क्षणभर न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि गिअरबॉक्स सुटले, दोष चाकाकडे आहे. रस्ता डांबरी की काँक्रीटचा, यानुसार आवाज बदलत असेल तर टायरवर संशय घ्या. टायरच्या नक्षीवरून दोन्ही दिशांनी तळहात फिरवा. एका दिशेने करवतीसारखं लागलं तर टायर वेडेवाकडे झिजलेत. पुढचे टायर मागे, मागचे पुढे करून पाहा. दोष टायरचा असेल तर आवाज जागा बदलतो.

बेअरिंग असेल तर वळणावर कळतं. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो, तेव्हा आवाज वाढला तर डाव्या बाजूचं बेअरिंग. पण पुढचं की मागचं, हे गाडीत बसून नीट कळत नाही. पुढच्या बेअरिंगचा आवाज मागून आल्यासारखा वाटू शकतो. त्यासाठी चाक उचलायलाच हवं. सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना विटा लावा, हँडब्रेक सोडा आणि मागचं चाक जॅकवर घ्या. एका हाताने चाक फिरवा, दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर खरखर बोटांना जाणवते. मग चाक वर-खाली धरून हलवा, खेळ (ढिलेपणा) लागता कामा नये. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका.

चाक फिरवताना घासल्याचा आवाज आला तर तो ब्रेकच्या ड्रममधल्या लायनरचा असू शकतो. पावसाळ्यात उभ्या गाडीला ड्रममध्ये गंज धरतो. सकाळच्या पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखर झाली तर चिंता नाही, पुढेही येत राहिली तर ड्रम उघडून बघायला सांगा.

कुणी मागचा डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा संच) गेलाय म्हणालं तर ऐकू नका. तुमच्या गाडीची पुढची चाकं ओढतात, मागे डिफरन्शियल नाहीच. तो बोलेरो किंवा ईकोसारख्या गाड्यांत असतो.

शॉकअप जोडीने बदलतात, त्यात गॅरेजवाला चूक नाही. बेअरिंग मात्र ज्या बाजूचं गेलंय तेवढंच बदललं तरी चालतं. आणि चाकात खेळ लागला, तर ती गाडी घेऊन मुलुंड-ऐरोली पुलावरून ऑफिसला जाऊ नका. मेकॅनिकला कासारवडवलीला घरीच बोलवा.