वडिलांचा एकच पाय सुजला आहे, मालिश करावी का?

वडील मुंबईहून रात्रीच्या बसने परतल्यापासून तीन दिवस त्यांचा डावा पाय सुजलेला आहे, पोटरी दुखते आणि घरची मंडळी तेल लावून पाय चोळायला सांगत आहेत, असे आपण लिहिले आहे. मी कोल्हापुरात वैद्यकीय व्यवसाय करतो. आपल्या तालमींच्या गावात पाय भरून आला की हात आधी तेलाच्या वाटीकडे जातो, हे मी रोज पाहतो. तरीही तपासणी होईपर्यंत त्यांचा पाय मुळीच चोळू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांच्या विकारात सूज बहुधा दोन्ही पायांवर येते. ती एकाच पायावर आणि दोन-तीन दिवसांत आली असेल, तर खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे का, हे सर्वांत आधी पाहावे लागते. पोटरीचे स्नायू हलतात तेव्हा ते शिरांमधील रक्त वर ढकलतात. तासन्‌तास पाय न हलवता बसल्यास, किंवा शस्त्रक्रियेनंतर अंथरुणात पडून राहिल्यास, ते रक्त साचून गोठू शकते. चोळण्याने गुठळीचा तुकडा सुटून फुफ्फुसात गेला, तर जिवावर बेतते.

एका गृहस्थांनी मला इतकेच सांगितले होते की, रोजची कोल्हापुरी उजव्या पायात सहज जाते, पण डाव्या पायात अंगठ्यापुढे सरकत नाही. गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या 10 सेंटीमीटर खाली मी शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला. हा फरक 3 सेंटीमीटरहून अधिक भरला की संशय बळावतो, मात्र तो कमी भरला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. निदान कलर डॉपलर सोनोग्राफीनेच होते आणि तिला सुई टोचावी लागत नाही.

कातडी लाल व गरम असून ताप असेल, तर त्वचेखालील जंतुसंसर्गाचा विचार करावा; बोटांच्या बेचक्यातील चिखल्यांमधून जंतू आत शिरतात आणि मधुमेह असल्यास तो झपाट्याने पसरतो. गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटली तरी पोटरी अशीच सुजते. फुगलेल्या शिरांची सूज संध्याकाळी वाढते व सकाळी उतरते, तर हत्तीरोगाची किंवा ओटीपोटातील गाठीच्या दाबाने येणारी सूज सहसा हळूहळू वाढत जाते.

वडिलांना आजच डॉक्टरांकडे न्यावे. धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा थुंकीत रक्त दिसले, तर दवाखाना उघडण्याची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.